वाचक विचारतात : फ्रेममध्ये एकच माणूस

सॅलॉनच्या (म्हणजे परीक्षकांनी निवडलेल्या फोटोंच्या प्रदर्शनांच्या) आणि क्लबच्या स्पर्धांसाठी फोटो निवडायचे दिवस आहेत. या वेळच्या पत्रांत ‘भरपूर मोकळी जागा आणि तिच्यात एकच माणूस’ या प्रकाराबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त होते. त्यांतले काही निवडून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : गुहागरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी एकटाच चालणाऱ्या कोळ्याचे चाळीसेक फोटो काढले. सगळे सारखेच वाटतात. स्पर्धेला एकच पाठवायचाय. कोणता, हे कसं ठरवू? (चिपळूण)

उत्तर : ती संध्याकाळ तुमच्या लक्षात आहे, म्हणून सगळे सारखे वाटतात. परीक्षकाला फक्त फोटो दिसतो, तोही काही सेकंद. म्हणून आधी सगळे फोटो अगदी लहान करून, बोटाच्या पेराएवढे, एकाच पानावर बघा. ज्यात माणूस शोधावा लागतो ते बाजूला काढा. याला हिशेब आहे. बऱ्याच डिजिटल सॅलॉनमध्ये फोटो 1920 बाय 1080 पिक्सेलच्या चौकटीत बसवून मागतात. आडव्या फोटोत माणूस उंचीच्या तिसाव्या भागाएवढा असेल, तर त्याच्या वाट्याला येतात जेमतेम 36 पिक्सेल. तेवढ्यात हात-पाय सुटे दिसत नाहीत, उभा ठिपका दिसतो. दहाव्या-बाराव्या भागाएवढा असेल तर चाल कळते, खांद्यावरचं जाळंही कळतं. ठिपका चालतच नाही असं नाही, पण मग पार्श्वभूमी खरोखर कोरी हवी. लाटांचा फेस, होड्या आणि सुरूची झाडं यांच्या गर्दीत ठिपका हरवतो.

उरलेले फोटो पूर्ण आकारात उघडा आणि फक्त आकृतीची कड बघा. पावलं एकमेकांपासून सुटी हवीत, मध्ये उजेडाची त्रिकोणी फट दिसली पाहिजे. एक पाय दुसऱ्याला ओलांडतो त्या क्षणी चालणारा माणूस नुसता खांबासारखा दिसतो. कोपर आणि कंबर यांच्यामध्येही उजेड हवा. सिल्हूटमध्ये, म्हणजे उजेडासमोरच्या काळ्या आकृतीत, अंगाला चिकटलेला हात नाहीसाच होतो. चाळीस फोटोंतले तीस तरी इथेच गळतील.

मग डोकं आणि क्षितिज. सपाट किनाऱ्यावर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. तुम्ही उभं राहून डोळ्याला कॅमेरा लावलात, तर तुमच्याएवढ्या उंचीचा माणूस पन्नास फुटांवर असो की पाचशे, ती रेषा त्याच्या डोळ्यांतूनच जाणार. हे एडिटिंगमध्ये सुधारत नाही. त्यामुळे ज्या फोटोंच्या वेळी तुम्ही खाली बसला होतात किंवा बांधावर चढला होतात, ते आधी बघा. दोन फूट उंचीवरून घेतलेल्या फोटोत रेषा गुडघ्याच्या जरा वर येते आणि वरचं सगळं अंग आकाशावर सुटं दिसतं. सात-आठ फूट उंचीवरून घेतलेल्यात अख्खा माणूस वाळू-पाण्याच्या पट्ट्यात राहतो. दोन्ही चालतात. मान कापणारी रेषा मात्र चालत नाही.

ओल्या वाळूत प्रतिबिंब असेल तर ते डोक्यापर्यंत पूर्ण असलेलाच फोटो घ्या. माणसाच्या पुढे जागा जास्त ठेवायची हा नेहमीचा नियम. उलट, मागे जागा जास्त ठेवली तर माणूस फ्रेममधून निघून चालल्यासारखा वाटतो. तेच दाखवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण मग त्याला अगदी कडेजवळ जाऊ द्या. मधल्या मध्ये ठेवलेला माणूस चुकून तिथे आल्यासारखा वाटतो.

प्रश्न : पाचगणीच्या रस्त्यावर दाट धुक्यात छत्री घेऊन जाणारी बाई, असा फोटो आहे. डिहेझ वाढवलं की धुक्यात पट्टे आणि डाग दिसतात. नाही वाढवलं तर फोटो फिका पडतो. (सातारा)

उत्तर : डिहेझ, म्हणजे एडिटिंगमध्ये धुकं कमी करणारं साधन, पूर्ण फ्रेमला लावूच नका. ज्याच्यासाठी फोटो काढला तेच तुम्ही पुसून टाकताय. फिकेपणाचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. पांढऱ्या दृश्याला कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर करडं करून टाकतो. आधी एडिटिंगमध्ये एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) 0.7 ते 1 स्टॉप वाढवा, धुकं उजळ होऊ द्या. हिस्टोग्रामचा (छटांच्या आलेखाचा) डोंगर उजवीकडे सरकेल, फक्त शेवटच्या भिंतीला टेकू देऊ नका. आता बाई आणि छत्री एवढ्यावरच मास्क घ्या, म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागेल. त्यात ब्लॅक्स (सगळ्यात गडद छटा) 20 ते 30 खाली आणि एक्स्पोजर 0.3 खाली. फ्रेममधला सगळ्यात गडद भाग तेवढाच राहिला की फोटोला उठाव येतो, धुक्याला हात न लावता.

पट्टे येतात कारण धुक्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छटांचा फरक फार थोडा असतो. 8 बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या. त्यांतल्या पाचपंचवीस पायऱ्या अख्ख्या आकाशभर ताणल्या की मधल्या फटी दिसू लागतात. म्हणून काम रॉ फाइलवरून (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवरून), 16 बिटमध्ये करा आणि जेपेग अगदी शेवटी काढा. तरीही हलके पट्टे राहिले तर 10-15 एवढं ग्रेन (बारीक कण) द्या, बहुतेक मोडतात. गोल डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ. एफ 11-16 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान असताना, ती स्पष्ट उमटते आणि डिहेझ तिला आणखी गडद करतं. धूळ काढायला बहुतेक स्पर्धांची हरकत नसते.

शेवटी 200 टक्क्यांवर छत्रीची कड तपासा. क्लॅरिटी किंवा शार्पनिंग जास्त झालं असेल तर तिथे पांढरी रेघ दिसते. मोबाइलवर ती कळत नाही, ज्युरीच्या मोठ्या पडद्यावर लगेच कळते.

प्रश्न : मागे दुसरा माणूस आणि विजेचा खांब आलाय. काढून टाकला तर चालेल का? आकाशही फार सपाट आहे, ते बदलू का? (ठाणे)

उत्तर : फोटो कोणत्या विभागात पाठवताय त्यावर सगळं अवलंबून आहे. फियाप (छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ) किंवा पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) यांची मान्यता असलेल्या सॅलॉनच्या ओपन, म्हणजे विषयाचं बंधन नसलेल्या, विभागात, रंगीत असो की मोनोक्रोम (कृष्णधवल), खांब काढता येतो, माणूसही काढता येतो. दुसऱ्या फोटोतलं आकाशही जोडता येतं, पण ते आकाश तुमच्याच कॅमेऱ्यातलं हवं. सॉफ्टवेअरबरोबर आलेली तयार आकाशं चालत नाहीत. एआयने तयार केलेला तुकडा, कितीही छोटा असला तरी, चालत नाही. इथेच बरेच जण नकळत अडकतात. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या रिमूव्ह साधनात जनरेटिव्ह एआयची (एआयने नवा तुकडा तयार करण्याची) वेगळी टिकची खूण असते. ती काढलेली आहे ना, हे बघूनच खांबाला हात लावा.

ट्रॅव्हल आणि फोटोजर्नालिझममध्ये मात्र काही काढायचं नाही, काही घालायचं नाही. क्रॉप करा, उजेड-रंग मूळ दृश्याला धरून ठेवा, बस्स. ट्रॅव्हलमध्ये आणखी एक अट विसरली जाते : फोटोसाठी मुद्दाम उभे केलेले किंवा पैसे देऊन आणलेले लोक तिथे बसत नाहीत. फोटो टूरवर ठरवून पाण्यात उभा केलेला नावाडी म्हणजे नेमकं हेच. शिवाय त्याच सकाळी, त्याच जागेवरून दहा जणांनी काढलेला तोच फोटो परीक्षकांसमोर दहा नावांनी येतो.

‘एवढंसं तर काढलंय’ हे उत्तर अशा विभागांत चालत नाही. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेने 2010 मध्ये बक्षीस मिळालेली एक फोटोमालिका बाद केली. कारण काय, तर एका फोटोतून मागच्या माणसाच्या पावलाचा जरासा भाग पुसला होता. 2015 मध्ये शेवटच्या आधीच्या फेरीतले सुमारे 20 टक्के फोटो असल्या फेरफारामुळे किंवा अति एडिटिंगमुळे गळाले. मूळ रॉ फाइल कधीही मागितली जाऊ शकते. ती जपून ठेवा.

आता आमचं मत. एकटा माणूस दाखवण्यासाठी दुसऱ्याला पुसावं लागत असेल, तर आधी त्या दिवशीच्या बाकीच्या फ्रेम पुन्हा चाळा. दोन सेकंदांनी दुसरा माणूस बहुतेक निघून गेलेला असतो.

प्रश्न : हिरव्या भातखाचरात लाल लुगड्यातली एक बाई. रंगीत फोटोत छान उठून दिसते, कृष्णधवल केला की गायब! (सिंधुदुर्ग)

उत्तर : लाल आणि हिरवा डोळ्यांना वेगळे दिसतात, पण दोघांचा उजळपणा जवळजवळ सारखा असला तर करड्यात दोन्ही एकच होतात. ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये लाल वर आणि हिरवा-पिवळा खाली घ्या, लुगडं उजळेल. फार ताणलं तर कातडीतला लालसर-नारिंगी रंगही वर येतो आणि चेहरा-हात खडूसारखे पांढरे पडतात. तिथे मास्क लावून मागे घ्या. पण खरं सांगायचं तर हा फोटो रंगीतच पाठवा. ‘फक्त लुगडं लाल, बाकी सगळं कृष्णधवल’ हा मोह टाळा. नियमाप्रमाणे तो फोटो मोनोक्रोम धरला जात नाही, रंगीत विभागात जातो, आणि तिथे तो जुनाट वाटतो.

प्रश्न : माणूस फार लहान आलाय. किती क्रॉप केलेलं चालतं? (लातूर)

उत्तर : डिजिटल स्पर्धेसाठी बरंच चालतं. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 असतो. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तरी 3000 बाय 2000 उरतात, पडद्याला पुरून उरतात. प्रिंटची गोष्ट वेगळी. 12 बाय 18 इंचांच्या प्रिंटसाठी दर इंचाला 200 पिक्सेल धरले तर लांब बाजू 3600 हवी, म्हणजे निम्म्याचा क्रॉप कमी पडतो. क्रॉप करणं कमीपणाचं मानू नका. क्रॉप टाळण्यासाठी प्रसिद्ध असलेले फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचा पॅरिसच्या सेंट-लझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा 1932 चा फोटो क्रॉप केलेला आहे. कुंपणाची फळी आड आली होती.

प्रश्न : शीर्षक काय द्यावं? ‘अलोन’ ठीक आहे का? (पुणे)

उत्तर : नको. अशा फोटोंच्या ढिगात निम्म्यांचं नाव तेच असतं. जे दिसतंय त्यात भर पडेल असं काही द्या : जागा, ऋतू, तो माणूस करत असलेलं काम. एकदा दिलेलं शीर्षक पुढे बदलता येत नाही. तोच फोटो वेगळ्या नावाने दुसऱ्या सॅलॉनला पाठवणं नियमाविरुद्ध आहे, आणि त्यापायी आधीची स्वीकृतीही (आधीच्या सॅलॉनमध्ये झालेली निवडही) धोक्यात येऊ शकते. त्यामुळे पहिल्या स्पर्धेला पाठवतानाच फाइलचं नाव आणि शीर्षक, इंग्रजी स्पेलिंगसकट, एका वहीत टिपून ठेवा.