वाचकांचे प्रश्न : गावकीचा बहिष्कार आणि कायद्याची मागणी

प्रश्न : रायगड जिल्ह्यातील आमच्या गावात बहिणीने जातीबाहेर लग्न केले म्हणून गावकीने आमच्या घराला वाळीत टाकले आहे. दुकानात सामान मिळत नाही, उत्सवाची वर्गणी घेत नाहीत आणि यंदा शिमग्यात पालखी शेजाऱ्यांकडून निघून आमच्या दारात न थांबता पुढे गेली. वडील म्हणतात, कायद्याने माणसे जोडली जात नाहीत. मग नव्या कायद्यांसाठी निवेदने देण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : वडिलांचे म्हणणे खरे आहे, न्यायालयाचा आदेश घेऊन कोणी कोणाच्या ओट्यावर गप्पा मारायला येणार नाही. पण कायद्याकडून आपली अपेक्षा ती नसावीच. दारावरून पुढे गेलेल्या पालखीला पोलीस ठाण्याच्या दप्तरात गुन्हा म्हणून नाव नसते, तोवर ठाणे अंमलदार ‘हा तुमच्या गावचा मामला आहे, आपसांत मिटवा’ एवढेच सांगू शकतो.

हे नाव मिळवायला महाराष्ट्राला फार वेळ लागला. मुंबई प्रांताने 1949 मध्ये बहिष्कृतीविरोधी कायदा केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये, दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर, धर्मसंप्रदायाच्या स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर बहुमताने रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र वेगळे मत नोंदवले होते. त्यानंतर अर्धे शतक वाळीत पडलेल्यांना धमकी, खंडणी अशा इतर कलमांत आपले दुःख बसवावे लागे. जातपंचायतींविरुद्ध कार्यकर्त्यांनी गावोगाव प्रकरणे गोळा केली, पीडितांना आमदारांपुढे उभे केले आणि 2016 च्या एप्रिलमध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला. तो जुलै 2017 पासून लागू आहे. निवेदनांचा अर्थ विचारलात, तो इथे आहे.

या कायद्यानुसार बहिष्कार घालणाऱ्याला आणि त्यासाठी चिथावणी देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सामाजिक वा धार्मिक रूढी पाळण्यात अडथळा आणणे आणि व्यवहार तोडायला लावणे, या दोन्ही गोष्टी त्यात येतात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस तो नोंदवून तपास करू शकतात. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे, आपण किंवा कुटुंबातील कोणीही करू शकता. पीडिताची संमती व न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोडही होते, हे वडिलांना आवर्जून सांगावे.

कायद्याची बोच मात्र कमी पडते. गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे आरोपी संध्याकाळी गावात परततो आणि सकाळी विहिरीवर तक्रारदाराच्याच बायकोला त्याची माणसे भेटतात. म्हणूनच सध्या नव्या कायद्याच्या घोषणेपेक्षा याच कायद्याची अंमलबजावणी मागणे मला अधिक महत्त्वाचे वाटते: बहिष्कार प्रतिबंध अधिकारी आपल्या भागात नेमला आहे का, तक्रारदाराला संरक्षण कोण देते, हे प्रश्न आपल्या आमदारांनी अधिवेशनात विचारावेत असा लेखी आग्रह धरावा.

त्याआधी एका वहीत तारखा लिहून काढाव्यात. पालखी कोणत्या दिवशी पुढे गेली, सामान द्यायला कोणी नकार दिला, बैठक कुठे झाली आणि ती कोणी बोलावली. वडिलांना आठवत असेल, त्यांनाच विचारावे.