अंध मित्राचा गाईड रनर व्हायचे आहे, मी त्याला धावायला नेणार आहे. माझा वेग किती असायला हवा?

मित्र ज्या वेगाने धावतो त्या वेगात धाप न लागता तुम्हाला सतत बोलता आले पाहिजे. माझ्या मते किलोमीटरमागे मिनिटभराची शिल्लक तुमच्या पायांत असावी. तेवढी नसेल, तर गाईड होऊ नका.

मात्र प्रश्नात तुम्ही "मी त्याला धावायला नेणार आहे" असे लिहिले आहे आणि त्या "नेणार" शब्दाशी माझे जुने भांडण आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत माझी दृष्टी जवळजवळ गेली. गाईडच्या हाताशी जोडणाऱ्या आखूड दोरीचा फास बोटांत अडकवून मी पहिल्यांदा धावलो, तेव्हा माझे थोरले बंधू आईदेखत म्हणाले, "दावे बांधलेल्या जनावरासारखा दिसतोस." गोठ्यात वाढलेल्या माणसाला दावे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे मुंबईच्या अर्धमॅरेथॉनला हाजी अलीपर्यंत आमचे सुरळीत चालले होते. पाण्याच्या टेबलापाशी गाईड "बाटल्या आहेत, पाय उचलून" असे म्हणाला आणि मी पाय उचलून पार झालो. पेडर रोडचा चढ लागल्यावर मात्र त्याचे बोलणे तुटक झाले. एरवी आमचे हात एका लयीत मागेपुढे होत असल्यामुळे दोरी मध्ये सैल लोंबत असते. आता दर चार-पाच पावलांनी तिचा बारीक हिसका माझ्या तर्जनीला बसू लागला. त्याच्या पोटरीत गोळा आला होता आणि माझी वेळ बिघडू नये म्हणून तो ते लपवत होता. मीच थांबलो, त्याला दुभाजकावर बसवले, त्याची टाच तळहातात धरून चवडा मागे रेटला आणि पोटरी सैल होईपर्यंत तसाच धरून ठेवला. त्यात सात मिनिटे गेली. शर्यत आम्ही पूर्ण केली. घरी फोटो पाहून बंधू म्हणाले, "शेवटी त्यानेच आणले ना तुला."

बंधूंना नियम माहीत नाहीत. पॅरा-अॅथलेटिक्समध्ये गाईडने धावपटूला ओढले किंवा ढकलले तर बाद ठरवतात, आणि अंतिम रेषाही धावपटूनेच आधी ओलांडावी लागते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त महिलांच्या टी-१२ (दृष्टिदोष असलेल्या धावपटूंचा एक गट) मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. रेषा काही मीटरवर असताना गोळे येऊन तिचा गाईड कोलमडू लागला, त्याला सावरण्यासाठी तिने क्षणभर दोरी सोडली आणि तेवढ्यावरून तिला बाद ठरवून कांस्यपदक जपानच्या मिसातो मिचिशिता हिला देण्यात आले. नियमाप्रमाणे निर्णय बरोबर असेलही, मला तो निर्दय वाटतो. दोरी म्हणजे दावे असे ज्यांना वाटते त्यांनी सांगावे, त्या क्षणी कोण कोणाला धरून होते?

तेव्हा आधी मित्राला विचारा, त्याला तुम्ही कोणत्या बाजूला हवे आहात, दोरी केवढी हवी आहे आणि किती बोललेले चालते. नुसते "सांभाळून" म्हणण्याचा काडीचा उपयोग नाही. "तीन पावलांवर गतिरोधक" असे सांगावे. वाटेत ओळखीचा कोणी भेटला तरी त्याच्याशी गप्पा मारू नका. अशाच गप्पांपायी सरावात मी एकदा गुडघा फोडून घेतला आहे.

हे सारे रस्त्यावरच्या लांब अंतराबद्दल आहे, ट्रॅकवरच्या १०० मीटरचे तंत्र निराळे असते. शिवाय माझी दृष्टी मोठेपणी गेली. तुमचा मित्र जन्मांध असेल किंवा त्याला थोडे दिसत असेल, तर त्याच्या गरजा वेगळ्या असतील आणि त्याचेच म्हणणे प्रमाण माना.

पहिल्या सरावाआधी स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, एखाद्या अनुभवी गाईडबरोबर मोकळ्या मैदानावर २०० मीटर धावून पाहा. माझ्या बंधूंना मी हे तीनदा सुचवले आहे. अजून ते तयार झालेले नाहीत.