झाकलेला लॅपटॉप सॅकमध्ये तापतो, रात्रभरात चार्ज उतरतो: बॅटरी बदलू का?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: विंडोज ११ चा लॅपटॉप झाकण लावून सॅकमध्ये टाकला की ऑफिसात पोचेपर्यंत चांगलाच तापलेला असतो. रात्री स्लीपमध्ये ठेवला तर सकाळपर्यंत ४० टक्के चार्ज गेलेला असतो. दुकानदार म्हणतो, बॅटरी बदला.

बॅटरीचे पैसे इतक्यात देऊ नका. तापणं आणि चार्ज उतरणं ही बहुतेक वेळा दोन दुखणी नसतात. झाकण लावल्यावर लॅपटॉप नीट झोपत नाही, हे एकच मूळ असतं. हिशोब करून बघा. बॅटरी ५० वॅट-तासांची धरली तर ४० टक्के म्हणजे २० वॅट-तास. ते ८ तासांत गेले, म्हणजे सरासरी अडीच वॅट. नीट झोपलेल्या लॅपटॉपचं अर्ध्या वॅटच्या आत भागतं, म्हणजे रात्रभरात फार तर ८ टक्के. शिवाय अडीच ही सरासरी झाली. प्रत्यक्षात प्रोसेसर मधूनमधून जागा होऊन १०-१५ वॅट खातो आणि परत शांत होतो. टेबलावर हे लक्षात येत नाही. सॅकमध्ये हवा खेळत नसल्याने ती उष्णता साठत जाते.

बॅटरीवरचा संशय फिटायला एक रात्र पुरेल. चार्जर आणि यूएसबीला लावलेलं सगळं काढा, शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’ वर क्लिक करा आणि सकाळी टक्के बघा. शिफ्टशिवाय केलेलं शट डाउन विंडोजमध्ये बहुधा अर्धवटच असतं, म्हणून शिफ्ट हवीच. एक-दोन टक्के गेले तर बॅटरी चार्ज धरते आहे. पूर्ण बंद असतानाही १० टक्क्यांच्या वर गेले तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) ‘बंद असतानाही यूएसबीतून चार्जिंग’ अशा अर्थाची सोय चालू आहे का ते बघा. तीही बंद असेल तर मग बॅटरी किंवा मदरबोर्ड तपासायला देणं रास्त.

आता झोपेकडे. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) शोधून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ ने उघडा. पुढच्या सगळ्या आज्ञा एकाच शब्दाने सुरू होतात: पॉवरसीएफजी (powercfg). तो इंग्रजी अक्षरांत, सलग लिहायचा, मग एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ, आणि रेघेला चिकटून पुढचा शब्द. रेघेनंतर नुसतं ‘ए’ दिलंत तर तुमच्या लॅपटॉपला कोणत्या प्रकारची झोप येते ते दिसेल. ‘एस-थ्री’ ही जुनी, गाढ झोप: फक्त रॅमला वीज मिळते, बाकी सगळं बंद. ‘एस-झीरो लो पॉवर आयडल’ ही नवी, फोनसारखी झोप: पडदा काळा, पण विंडोज आतून चालूच, नेटवर्कही जोडलेलं राहू शकतं. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये फक्त दुसरी असते, आणि तुमची लक्षणं तिचीच वाटतात.

तसं असेल तर रेघेनंतर ‘स्लीपस्टडी’ लिहा. गेल्या तीन दिवसांचा अहवाल तयार होतो आणि फाइल कुठे ठेवली तो पत्ता पडद्यावरच येतो. ती ब्राउझरमध्ये उघडा. माझ्या मते या सगळ्या तपासणीतलं सर्वांत मोलाचं हेच पान आहे, कारण इथे अंदाज संपतात. झोपेच्या प्रत्येक सत्राची वेळ, गेलेला चार्ज आणि हार्डवेअर किती टक्के वेळ खरोखर कमी विजेवर होतं, हे त्यात असतं. निरोगी लॅपटॉपमध्ये तो आकडा नव्वदीच्या पुढे असतो. तो शून्याजवळ किंवा दहा-वीसवर अडकला असेल तर कोणीतरी झोपू देत नाहीये. सत्रावर क्लिक केल्यावर खाली ‘टॉप ऑफेंडर्स’ ची, म्हणजे झोपमोड करणाऱ्या मुख्य दोषींची, यादी येते. तिथे बहुधा वायफाय, ब्लूटूथ, ऑडिओ, ग्राफिक्स किंवा एखादं यूएसबी उपकरण सापडतं. ज्याचं नाव येईल त्याचा ड्रायव्हर (ते उपकरण विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर) आणि सोबत चिपसेटचा ड्रायव्हर, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअर वापरू नका. बायॉस अपडेट असेल तर चार्जर लावूनच करा आणि त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की हाताशी ठेवा. अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते.

‘एस-थ्री’ असेल तर दोन आज्ञा बघा: ‘लास्टवेक’ शेवटचं कोणी जागं केलं ते सांगते, ‘वेकटायमर्स’ पुढे कोण उठवणार आहे ते. वायरलेस माउसचा रिसीव्हर लॅपटॉपला तसाच आणि माउस त्याच सॅकमध्ये चालू, हेही कारण असू शकतं. चालताना माउस हलतो आणि लॅपटॉप उठतो.

कारण सापडेपर्यंत, आणि सापडल्यावरही, सॅकमधून नेण्यासाठी माझा सल्ला हायबरनेटचा. त्यात रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून लॅपटॉप खरोखर बंद होतो, त्यामुळे तापायला काही उरतच नाही. आधी रेघेनंतर ‘हायबरनेट’ आणि पुढे जागा सोडून ‘ऑन’ अशी आज्ञा द्या. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूझ व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’ उघडून बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी हायबरनेट निवडा. दोन्हींसाठी का, तर चार्जर लावलेला असताना झाकण बंद करून मग वायर काढण्याची सवय अनेकांना असते, आणि तेव्हा चार्जरचा नियम लागू होतो. झाकण लावल्यावर लगेच सॅकमध्ये टाकू नका. लिहून व्हायला काही सेकंद लागतात. दिवा विझेपर्यंत थांबा.

रोजच्या या लिखाणाने एसएसडी (लॅपटॉपमधली डिस्क) लवकर झिजेल ही भीती नको. १६ जीबी रॅमसाठी हायबरनेटची फाइल साधारण साडेसहा जीबीची असते. रोज दोनदा पूर्ण भरली तरी वर्षाला पाच टेराबाइटही होत नाहीत, आणि ५१२ जीबीची साधी एसएसडीसुद्धा १०० टेराबाइटच्या आसपास किंवा त्याहून जास्त लेखन सोसते.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची वही) एक नोंद घालून नवी झोप बंद करण्याची युक्ती तुम्हाला सुचवली जाईल. बायॉसमध्ये ‘एस-थ्री’ नसेल तर त्याने जुनी झोप परत येत नाही, उलट मेनूतून स्लीपच नाहीसं होतं. ते करू नका.

बॅटरी बदलायची की नाही हे ‘बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा सांगेल. त्यातल्या ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ला ‘डिझाइन कपॅसिटी’ ने भागा. उत्तर ०.६ च्या खाली असेल तर नवी घ्यायला हरकत नाही, पण झोपेचा दोष तसाच राहिला तर नवी बॅटरीही रात्रीतून उतरेल आणि सॅकमधल्या उष्णतेने लवकर म्हातारी होईल. अपवाद एकच: टचपॅड वर उचलला गेलाय, क्लिक कडक झालंय किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, तर बॅटरी फुगली आहे. मग वरचं काहीही न करता चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

काम करतानाही पंखा सतत ओरडत असेल तर पंख्यातली धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट हा निराळा विषय आहे.

बदल केल्यावर दोन रात्री जाऊ द्या आणि स्लीपस्टडी परत काढा. तरीही आकडा हलला नाही, तर ‘टॉप ऑफेंडर्स’ मधली पहिली तीन नावं आणि लॅपटॉपचं मॉडेल इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.