चार वर्षांच्या स्वमग्न मुलाला कशात रमवावे?

आपण लिहिले आहे की मुलाला नुकतेच ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, निदान झाले आहे, आणलेल्या खेळण्यांकडे तो पाहत नाही, गाड्या एका ओळीत लावत बसतो आणि बागेत नेले की कान झाकून घेतो; तर त्याला आनंद वाटेल असे त्याच्याकडून काय करून घ्यावे? मी 31 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे, परंतु हे उत्तर शिक्षिका म्हणून लिहीत नाही. माझा नातू स्वमग्न आहे आणि ‘करून घ्यावे’ या दोन शब्दांवरून आमच्या घरात बरीच वर्षे वाद चालला, म्हणून लिहिते आहे.

नातू तेव्हा साडेचार वर्षांचा होता. उन्हाळ्यात लेक त्याला घेऊन नाशिकला आमच्याकडे आली होती, त्याच आठवड्यात वर्षाचे गहू आले आणि मी पडवीत चाळायला बसले. मिक्सर सुरू होताच दुसऱ्या खोलीत पळणारा हा मुलगा चाळणीच्या आवाजाने मात्र जवळ आला, उघड्या पोत्यापाशी उभा राहिला आणि त्याने कोपरापर्यंत हात गव्हात खुपसला. बराच वेळ तो हात त्याने बाहेर काढला नाही. मग मापटे भरून तो परातीत गहू ओतू लागला. मान एका बाजूला कलती करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो धार पाहायचा आणि धार संपली की पुन्हा मापटे भरायचा. चित्रांच्या कोड्यासमोर दोन मिनिटे न टिकणारा मुलगा पाऊण तास तेथून हलला नाही. मी काही बोलले नाही. दुसरे मापटे घेतले आणि त्याच्याशेजारी त्याच्यासारखीच ओतत राहिले. चौथ्या दिवशी त्याने आपले मापटे माझ्या धारेखाली धरले. तोवर त्याने आपल्या खेळात कोणालाही घेतले नव्हते.

रविवारी जावई आले, कौतुकाने त्याच्याजवळ बसले आणि विचारू लागले, “हे काय आहे? रंग कोणता? किती वाट्या झाल्या?” तिसऱ्या प्रश्नाला नातवाने मापटे खाली ठेवले, तो आत निघून गेला आणि त्या दिवशी पुन्हा पडवीत फिरकला नाही. जावयांचे म्हणणे असे की ही वर्षे पुन्हा यायची नाहीत, तेव्हा खेळातूनही काही शिकवले पाहिजे. शिवाय ते मुलाला घेऊन जात असत त्या थेरपी केंद्रात ‘सारखे ओतण्याची सवय मोडा’ असे सांगितले होते. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे की ज्या खेळात परीक्षा लपलेली असते तो खेळ नव्हे, आणि मुलाला ते आपल्या आधी कळते. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या 11 स्वमग्न मुलांविषयी लिहिले, त्यांत गोल वस्तू फिरवण्यात रंगून जाणारा मुलगा होता. तेव्हापासून अशी आवड लक्षणांमध्ये मोजली जाते, आणि एखाद्या गोष्टीला लक्षण म्हटले की आईवडिलांना ती घालवावीशी वाटते. मुलाचा आनंद त्याच गोष्टीत असतो, हे मात्र कोणी त्यांना सांगत नाही.

म्हणून नवीन खेळणी आणण्याआधी आठवडाभर केवळ पाहा की मुलगा आपणहून कशाकडे जातो. ओतणे आवडत असेल तर झारीने झाडांना पाणी घालू द्या. अंगावर दाब आवडत असेल तर कणीक तिंबणे, गाद्यांच्या मध्ये दाबून घेणे, जड बादली ढकलणे यांत तो रमेल. हेलकावे आवडत असतील तर दोघांनी चादरीची टोके धरून त्याला झोका द्या. बागेचा प्रश्न बहुधा बागेचा नसून गर्दीचा आहे. आवाज आणि स्पर्श यांविषयीची ही संवेदनशीलता 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानाच्या निकषांतही आहे, तेव्हा तो हट्ट समजू नका. सकाळी साडेसहाला, झोपाळे रिकामे असताना नेऊन पाहा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वस्तू तोंडात, नाकात किंवा कानात घालणाऱ्या मुलाच्या हाती धान्य देऊ नये. देतानाही मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसावे. पाण्याची ओढ असलेल्या मुलाला तर क्षणभरही पाण्यापाशी एकटे सोडू नये. आणि मी थेरपीच्या विरोधात नाही. नातवाला पुढे ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (खेळ आणि रोजची कामे यांतून उपचार करणाऱ्या तज्ज्ञ) लाभल्या, त्यांनी तेच गहू आणि तेच मापटे वापरून त्याला आळीपाळीने खेळायला शिकवले नाही, तर खेळता खेळता ते त्याच्या अंगवळणी पाडले. हे जावयांनी स्वतः पाहिले आणि त्यानंतर मुलाजवळ बसताना त्यांनी प्रश्न विचारणे थांबवले.

गाड्यांची ओळ मोडू नका. त्याच्यापासून थोडे दूर जमिनीवर बसा, एक गाडी तळहातावर ठेवून हात पुढे करा आणि त्याने ती उचलून ओळीत लावेपर्यंत काहीही बोलू नका. पहिल्या दिवशी तो उचलणार नाही. दुसऱ्या दिवशी तीच गाडी घेऊन तेथेच बसा.