युरोपात उन्हाळ्यात बॅकपॅकिंग करायचंय. स्वस्त आणि बऱ्यापैकी हॉस्टेल कसं निवडायचं?

तुम्ही दोघी मैत्रिणी, वय चोविशीच्या आसपास, पक्क्या शाकाहारी. जूनअखेरीपासून साडेतीन आठवडे पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस आणि शेवटी स्वित्झर्लंड. रात्रीला माणशी ३० युरोच्या वर जायचं नाही, आणि अ‍ॅपवर सगळ्यात वर दिसेल ते स्वस्त हॉस्टेल घेत गेलो तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी शिकायला जर्मनीत आले आणि इथेच राहिले. विद्यार्थिदशेत आणि नंतरही सुट्ट्या बहुतेक याच गावांच्या डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या खाटा असलेल्या सामायिक खोल्यांमध्ये काढल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात स्वस्त घेत गेलात तर नाही चालणार. अ‍ॅपवर दिसतो तो फक्त खाटेचा भाव. त्यात शहराचा कर, टॉवेलचं भाडं, स्टेशनपासून जाण्यायेण्याचं तिकीट आणि स्वयंपाकघर नसेल तर बाहेरचं जेवण एवढं मिळवा आणि मग दोन हॉस्टेलांची तुलना करा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण तुम्हा शाकाहारी मंडळींनाही इथे पदोपदी आठवेल.

कराचंच घ्या. अ‍ॅमस्टरडॅमचा पर्यटक कर २०२४ पासून राहण्याच्या भाड्याच्या साडेबारा टक्के आहे. बर्लिनने २०२५ मध्ये तो साडेसात टक्के केला. इतर बऱ्याच ठिकाणी माणशी दर रात्रीला ठरावीक रक्कम असते. बऱ्याच अ‍ॅपवर ही रक्कम पहिल्या आकड्यात धरलेली नसते, रिसेप्शनवर पोचल्यावर मागतात, आणि इटलीत तर कधीकधी रोखच. चादर बहुतेक ठिकाणी मिळते. टॉवेलचे मात्र वेगळे दोन-चार युरो पडतात, तेव्हा पातळ पंचा घरूनच न्या. लॉकर असतो, कुलूप नसतं. तेही न्या.

आता जागा. ‘मध्यवर्ती’ हा शब्द प्रत्येक हॉस्टेल स्वतःबद्दल लिहितंच, त्याकडे बघूच नका. नकाशा उघडा आणि दोन अंतरं मोजा: तुमची गाडी किंवा बस जिथे थांबणार तिथपासून हॉस्टेलपर्यंत, आणि हॉस्टेलपासून जवळच्या मेट्रो-ट्रामपर्यंत. बर्लिन इतकं विखुरलेलं शहर आहे की तिथे मध्यभागाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एस-बान (लोकल) किंवा यू-बानचं (मेट्रोचं) स्टेशन पाच मिनिटांवर असलं की झालं. शुक्रवार-शनिवारी यू-बान रात्रभर चालते. प्रागमध्ये रात्रीच्या ट्राम असतात, म्हणून जुन्या शहराच्या गजबजाटातलं महाग हॉस्टेल सोडून झिझकोव्ह किंवा होलेशोवित्से या वस्त्यांकडचं बघायला हरकत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये सेंट्राल स्टेशनच्या मागच्या बाजूने पलीकडच्या नोर्ड भागात दिवसरात्र फुकट फेरीबोट जाते. क्लिंकनोर्ड हे मोठं हॉस्टेल त्या काठावर, धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नकाशावर ते पाण्यापलीकडे दिसतं म्हणून लोक बिचकतात, पण खर्च शून्य.

व्हेनिसमध्ये नेमकं उलटं होतं. ज्यूडेक्का बेटावर ‘जनरेटर’ नावाच्या कंपनीचं हॉस्टेल आहे. खिडकीतून दिसणारं दृश्य बघून कुणीही भाळेल. पण त्या बेटावरून निघायचं तर वापोरेत्तो, म्हणजे तिथली पाण्यावरची बस, आणि तिचं एका वेळचं साधं तिकीट साडेनऊ युरोचं. दोघींनी दिवसातून दोनदा ये-जा केली की हिशोब तुम्हीच करा. तिथे राहायचंच असेल तर एक-दोन दिवसांचा पास धरूनच खाटेचा भाव मांडा. तुमच्या बजेटला मेस्त्रे बरं, म्हणजे खाडीच्या अलीकडचं, जमिनीवरचं व्हेनिस. रूक्ष आहे, फोटो काढावा असं काही नाही. पण स्टेशनजवळ मोठी हॉस्टेलं आहेत आणि दहा-बारा मिनिटांत लोकल तुम्हाला सांता लुचिया स्टेशनवर, थेट कालव्याच्या काठी सोडते. भाडं दीड युरोच्या आसपास. शिवाय मेस्त्रे व्हेनिस महापालिकेतच मोडतं. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून जे प्रवेशशुल्क घेतात, ते मेस्त्रेत रात्र काढणाऱ्यांना लागू होत नाही. फक्त ऑनलाइन नोंदणी करून सूट घ्यावी लागते. शेजारच्या पादोव्हा शहरात राहिलात तर ते भरावं लागेल.

पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये जुलैत ३० युरोत बरी खाट मिळेल ही आशा सोडा. चाळीस-पन्नास धरा, अ‍ॅमस्टरडॅमला शुक्रवार-शनिवारी त्याहून जास्त. सरासरी मात्र सांभाळता येते, कारण प्राग आणि बर्लिनमध्ये तुम्ही तिसाच्या खाली राहू शकता. त्यासाठी शहरांच्या क्रमाइतकाच वारांचा क्रम महत्त्वाचा. अ‍ॅमस्टरडॅम रविवार ते गुरुवारात बसवा. आणि तुम्ही दोघी आहात हे विसरू नका! पॅरिसमध्ये डॉर्ममधल्या दोन खाटांचे मिळून ९०-१०० युरो होत असतील तर तेवढ्यात शहराच्या कडेला, मेट्रोलगत, साध्या हॉटेलातली दोघींची खोलीही मिळू शकते. दरवेळी तपासा. लोक एकदा ‘बॅकपॅकिंग’ म्हटलं की हॉटेलकडे बघतच नाहीत.

उन्हाळ्यात मी सगळ्यात आधी बघते ती गोष्ट म्हणजे खोली तापते का. आपल्याला वाटतं, युरोप म्हणजे गारवा. २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान नोंदलं गेलं. जुन्या दगडी इमारती, पोटमाळ्यावरचं डॉर्म, दहा माणसं, खिडकी जेमतेम वीतभर उघडणारी, आणि छताला पंखा हा प्रकारच नाही. एसी बहुतेक जुन्या हॉस्टेलांत नसतो. असला तर ते जाहिरातीत ठळक लिहितात. लिहिलं नसेल तर नाही असं समजा, आणि ई-मेल करून निदान पंखा आहे का ते विचारा. जूनअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि सहाच्या आत उगवतो, म्हणून प्रत्येक खाटेला पडदा असलेलं हॉस्टेल असेल तर दोन-तीन युरो जास्त द्या. डोळ्यांवरची पट्टी हा त्यावरचा स्वस्त उपाय.

अभिप्राय वाचायची माझी रीत अशी: गुणांची सरासरी नुसती नजरेखालून घालायची, कारण ‘वातावरण’ या रकान्यातले दहापैकी दहा म्हणजे बहुतेक वेळा तळमजल्यावरचा बार. मग गेल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमधले अभिप्राय शोधायचे, कारण मार्चमध्ये राहून गेलेल्याला उकाडा आणि बाथरूमसमोरची रांग माहीत नसते. त्यातही सहा-सात गुण देणारा माणूस सहसा खरं बोलतो. दहावाला प्रेमात असतो आणि दोनवाला भांडून आलेला असतो. ढेकणांचा उल्लेख गेल्या दोन-तीन महिन्यांत एकाहून जास्त जणांनी केला असेल तर पुढचं हॉस्टेल बघा. २०२३ च्या शरदात पॅरिसमध्ये ढेकणांचा केवढा गवगवा झाला होता. पण ते महागड्या हॉटेलांतही असतात. खोलीत गेल्यावर सॅक खाटेवर न टाकता आधी गादीची शिवण उलटून काळे ठिपके दिसतात का ते बघायचं, एवढी सवय लावून घ्या.

डॉर्म सहा ते आठ खाटांचं बरं. बारा-सोळा खाटांचं चार-पाच युरोंनी स्वस्त असतं, पण पहाटे चारला विमान गाठायला निघालेला आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या कुरकुरवणारा कुणी ना कुणी त्यात असतोच. फक्त मुलींचं डॉर्म थोडं महाग असतं. सगळीकडे ते घ्यायलाच हवं असं मला वाटत नाही. मिश्र डॉर्ममध्येही लोक बहुतेक आपल्या फोनमध्ये असतात. पण प्राग, अ‍ॅमस्टरडॅमसारख्या ठिकाणी लग्नाआधीची बॅचलर पार्टी करायला पुरुषांचे घोळके येतात, तिथे जरूर घ्या. रेल्वे स्टेशनला अगदी खेटून असलेली हॉस्टेलं सोयीची असली तरी पॅरिसच्या गार द्यू नॉरचा किंवा रोमच्या तेर्मिनीचा परिसर रात्री उशिरा सामान घेऊन फिरायला सुखाचा नाही. दिवसाउजेडी पोचणार असाल तर काही बिघडत नाही. उशिरा पोचणार असाल तर रिसेप्शन चोवीस तास आहे का ते आधी बघा.

शाकाहाराचं म्हणाल तर स्वयंपाकघर हा तुमच्यासाठी भावाइतकाच मोठा निकष आहे. ‘स्वयंपाकघर आहे’ एवढ्यावर विसंबू नका. नुसता मायक्रोवेव्ह आणि किटली असली तरी काही जण तसं लिहितात, म्हणून फोटोत शेगडी आणि पातेली दिसली पाहिजेत. ‘फुकट घ्या’ असं लिहिलेल्या फळीवर आधीच्या पाहुण्यांनी सोडलेलं मीठ, तेल, पास्ता, तांदूळ बहुधा मिळतं. घरून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेले पोहे आणा. पेढे, तूप, पनीर आणू नका, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. आंबाही तो निरोगी असल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय चालत नाही. केळी आणि खजूर चालतात, का ते विचारू नका. बर्लिनला रविवारी पोचत असाल तर शनिवारीच खरेदी करून ठेवा. जर्मनीत रविवारी सुपरमार्केट बंद, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी. आणि प्रत्येक मराठी माणसाच्या मनातला न विचारलेला प्रश्न: नाही, संडासात धुवायला पाणी नसतं. एक रिकामी बाटली सॅकमध्ये राहू द्या.

आता एक गोष्ट, जी अ‍ॅपवर सहज दिसत नाही. तुमच्यापैकी कुणी सारपासच्या ट्रेकसाठी वगैरे यूथ हॉस्टेल असोसिएशन ऑफ इंडियाचं कार्ड काढलंय का? ती संस्था हॉस्टेलिंग इंटरनॅशनल या यूथ हॉस्टेलांच्या जागतिक संघटनेची सदस्य आहे, त्यामुळे तेच वैध कार्ड जर्मनी, स्वित्झर्लंड, नेदरलँड्समधल्या यूथ हॉस्टेलांत चालतं. नसेल तर काही शे रुपयांत काढून ठेवा, नाहीतर रात्रीला थोडा अधिभार पडतो. ही चळवळच मुळात जर्मनीतली. रिचर्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांनी १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल सुरू केलं. मास्तरांची छाप अजून आहे: ठिकाण स्वच्छ, शिस्त कडक, सकाळी पोटभर न्याहारी, आणि जून-जुलैत शाळेच्या सहलीला आलेल्या पोरांचा रात्री दहापर्यंत गोंधळ. त्यानंतर चिडीचूप. नाचगाण्याची हौस असेल तर कंटाळाल. लहान गावांतली यूथ हॉस्टेलं दुपारी रिसेप्शन बंद ठेवतात, तेवढं बघून जा.

हे कार्ड सगळ्यात कामाला येतं ते स्वित्झर्लंडमध्ये. तिथे खाट पन्नास फ्रँकच्या घरात जाते आणि बघूनच धडकी भरते, पण यूथ हॉस्टेलच्या दरात चादर आणि न्याहारी धरलेली असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काही भागांत रात्र काढणाऱ्याला सार्वजनिक वाहतूक फुकट असते, डॉर्ममध्ये राहणाऱ्यालासुद्धा. जिनिव्हा आणि बाझेलमध्ये शहरापुरती, आणि तिचीनो प्रांतात तर प्रांतभर. तुम्ही व्हेनिसहून मिलानमार्गे येणार म्हणजे तिचीनो वाटेवरच आहे. लुगानो किंवा बेलिनझोनाच्या यूथ हॉस्टेलात दोन रात्री राहिलात तर तिचीनो तिकिटावर, म्हणजे त्या फुकट प्रवासाच्या पासावर, डोंगर, तळी, दऱ्या सगळं फिरून होईल. तिथून वर इंटरलाकेनला गेलात तर यूथ हॉस्टेल ओस्ट स्टेशनला लागूनच आहे, आणि पाहुण्यांच्या कार्डावर गावातल्या बस फुकट. युंगफ्राउ शिखराकडे जाणारी गाडी मात्र त्यात येत नाही.

एक रात्र हॉस्टेलशिवायही काढता येईल: व्हिएन्नाहून व्हेनिसला नाइटजेट ही रात्रीची रेल्वेगाडी जाते. बर्थचं आरक्षण आधी केलंत तर हॉस्टेल आणि दिवसाचं तिकीट दोन्ही वाचतं. त्यात फक्त महिलांचा कप्पाही मागता येतो. सकाळी पोचाल तेव्हा खोली तयार नसेल, दुपारी दोन-तीनला मिळेल. पण सॅक ठेवून घेतात. फुकट की पैसे घेऊन, ते आधी विचारा.

राहिला व्हिसा. शेंगेनच्या, म्हणजे या सगळ्या देशांना मिळून एकच असलेल्या व्हिसाच्या अर्जाला सगळ्या रात्रींची राहण्याची सोय दाखवावी लागते, त्यामुळे अर्जाच्या वेळी फुकटात रद्द करता येणारीच बुकिंगं करा, आणि बुकिंगच्या कागदावर दोघींची नावं येऊ द्यात; एकीच्याच नावावर सगळं असलं की दुसरीच्या अर्जात अडचण येते. अर्ज ज्या देशात सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार तिथे, म्हणजे हॉस्टेलच्या रात्री मोजूनच ते ठरतं. शुल्क ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर एप्रिल-मेमध्ये तारखा मिळत नाहीत, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका. व्हिसा हातात आला की पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम आणि स्वित्झर्लंड लगेच पक्कं करून टाका. प्राग आणि बर्लिनची बुकिंगं शेवटपर्यंत बदलती ठेवलीत तरी चालेल, तिथे खाटांचा तुटवडा क्वचितच असतो.