मुलाच्या संवादयंत्रासाठी एफडी मोडायची का?

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका आईचा आहे. 9 वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, सगळं कळतं, पण बोलता येत नाही. नजरेवर चालणारं संवादयंत्र विक्रेत्यानं 1,85,000 रुपयांना सांगितलंय. घर आंब्याच्या कलमांवर चालतं, शिल्लक म्हणजे 2,40,000 रुपयांची एफडी. ती मोडावी का?

ताई, एफडी मोडू नका. पण मुलाला थांबवूनही ठेवू नका.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की तो पुस्तकातल्या चित्रावर उजव्या हाताचं बोट ठेवून हवं ते दाखवतो. सगळा हिशोब मला त्या एका वाक्यात दिसतो. नजरेवर चालणारी यंत्रं मुख्यतः ज्यांचे हात साथ देत नाहीत त्यांच्यासाठी असतात. बोट पोचत असेल, तर साध्या टॅब्लेटवर काम होण्याची चांगली शक्यता आहे. बोट, स्विच (दाबायचं मोठं बटण) की नजर, हे विक्रेत्यानं नव्हे, स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टनं मुलाला तपासून ठरवायचं. त्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कणकवलीहून रेल्वेनं जाणं-येणं, राहणं धरून 15,000 बाजूला काढा.

तोवर आजच सुरुवात करा. वहीच्या पानावर चित्रं चिकटवा, आणि आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्र दाबलं की शब्द बोलणारं मोफत ॲप घरातल्या फोनवर घ्या, ते मराठीतही आहे. चित्रं फक्त पेज, मासे, पाणी एवढ्यावर थांबवू नका. ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘परत सांग’ हे शब्द आधी हवेत. घरात मालवणी बोलत असाल तर ‘माका नको’ तुमच्याच आवाजात भरता येईल असं ॲप पुढे निवडा. आणि बोलताना तुम्हीही त्या चित्रांवर बोट ठेवत चला, मूल बघूनच शिकतं. चित्रांची सवय लागली की तोंडानं बोलणं मागे पडेल, ही भीती सोडून द्या. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही.

थेरपिस्टनं होकार दिला की टॅब्लेट, जाड कव्हर आणि स्टँडसाठी 25,000, आणि सहा महिन्यांच्या ऑनलाइन सत्रांसाठी 30,000. यात कपात करायची वेळ आली तर टॅब्लेट स्वस्तातला घ्या, सत्रं कमी करू नका. वापरायला शिकवणारं माणूस नसेल तर महागडं यंत्रही कपाटात जातं.

तपासणी धरून हे 70,000 होतात. एकदम लागणार नाहीत, पण कमी पडलेच तर एफडीवर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर मिळणारं कर्ज, घ्या आणि आंब्याचे पैसे आले की फेडा. तुमची कमाई वर्षातून एकदा, फवारणी, खत, राखण मात्र आधीपासून सुरू. मोहोरावर अवकाळी पाऊस पडला तर घर त्याच ठेवीवर चालणार आहे.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा. त्याच्या आधारे दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेची चौकशी ओरोसला समाजकल्याण विभागात करा, आणि ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले दिव्यांगांसाठीचे 5 टक्के कुठे खर्च होतात ते लेखी विचारा. तो तुमचा हक्क आहे. दिव्यांगांसाठीचा सरकारी निरामय आरोग्य विमा वर्षाला 1 लाखापर्यंत असतो, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो. मुलाचे बाबा नोकरीत असून जुन्या करपद्धतीत असतील तर 80डीडी म्हणून ओळखली जाणारी आयकरातली 75,000 ची वजावट, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असल्यास 1,25,000 ची, सोडू नका.

तपासणीत नजरेचंच यंत्र लागेल असं निघालं, तर ते घरी किमान दोन आठवडे वापरून बघायला मिळेल, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. दुरुस्ती कुठे होते आणि तोपर्यंत बदली यंत्र देणार का, हेही त्याच कागदावर. मग मला पुन्हा लिहा, तेव्हा एफडीचा विचार नव्यानं करू.