गेममधलं शहर पाठ, राहतो ते मात्र मोबाईलच्या भरवशावर

प्रश्न: जीटीए ५ या व्हिडिओ गेममधलं लॉस सँटोस शहर मला गल्लीबोळांसकट पाठ आहे, पण ज्या शहरात लहानाचा मोठा झालो तिथे नेव्हिगेशन लावल्याशिवाय दोन चौक पुढचं सांगता येत नाही. घरचे म्हणतात गेम खेळून डोकं बिघडलंय. खरंच असं होतं का?

उत्तर: डोकं शाबूत आहे हो तुमचं! अख्खं शहर पाठ झालंय म्हणजे स्मरणशक्ती जागेवर आहे. लॉस सँटोस मुळात लॉस एंजेलिसवरून घेतलेलं, पण बनवणाऱ्यांनी ते बरंच आटोपशीर केलं आणि ठळक खुणा तेवढ्या ठेवल्या, म्हणजे डोंगरावरची व्हाइनवूडची पाटी, मेझ बँकेचा टॉवर, लांबून दिसलं तरी आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळतं. शिवाय तिथे तुम्ही मिशन सोडून उगाच भटकता, पोलीस मागे लागले की दिसेल त्या बोळात गाडी घालता, चुकता, फिरून परत तिथेच येता, रस्ता असाच तर पाठ होतो. खऱ्या शहरात हे करताच कुठे? मोबाईल म्हणतो डावीकडे वळा की आपण वळतो, आणि नकाशाही आपल्याबरोबर गरगर फिरतो त्यामुळे कुठली दिशा कुठे गेली काही पत्ता लागत नाही. गेममध्येही मिनीमॅप, म्हणजे कोपऱ्यातला छोटा नकाशा, असतोच म्हणा, पण तिथे चुकलं तर उशीर झाला म्हणून कोणी बोलत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. २०१६ साली पोकेमॉन गो हा खऱ्या रस्त्यांवर फिरून खेळायचा मोबाईल गेम आला आणि घरात बसणारी पोरं रस्त्यावर आली, छानच झालं, पण त्यातले बरेचसे पोकेस्टॉप (खेळाडूंना गेममधल्या वस्तू मिळतात त्या खऱ्या जागा), म्हणजे पुतळे, भिंतीवरची चित्रं वगैरे, हे आधीच्या इन्ग्रेस नावाच्या गेमच्या खेळाडूंनी फोटो काढून सुचवलेले होते. म्हणजे खेळाडू जिथे फिरले तिथे खच्चून पोकेस्टॉप, आणि जिकडे कोणी फिरकलंच नाही ते भाग रिकामे. मग स्क्रीनवर काही नाही म्हणजे तिथे बघण्यासारखं काही नाहीच, असं वाटायला कितीसा वेळ लागतो?

तुमच्यापुरतं बोलायचं तर नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये उत्तर दिशा कायम वर ठेवायचा पर्याय शोधून चालू करा. रोजच्या रस्त्याला निघताना नकाशा एकदा नीट बघून घ्या आणि मोबाईल सरळ खिशात. नवीन ठिकाणी वेळेवर पोचायचं असेल तेव्हा मात्र लावा खुशाल, उगाच हिरोगिरी नको.